बलदमधलं सगळ्यात तिखट नाक

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. बलद, जेद्दा

मेलो! आणि तेही नसलेल्या नाकापायी!

दुपारी अबू नबील दुकानात आले. गल्ल्यामागे बसले, सावकाश कॉफी प्यायले आणि म्हणाले, "बदरुद्दीन, उद्या माझ्या नबीलबरोबर ताइफच्या शेतावर जा. त्याला हरीण मारायचंय." मी म्हटलं, मालक, मी अत्तरवाला, हरणाला काय अत्तर लावू? तर म्हणे, उलट आहे. माणसाचा वास हरणाला लागू द्यायचा नाही. नबीलने अमेरिकेहून वास घालवणारे साबण, फवारे, कोळशाच्या अस्तराचे कपडे असं काय काय मागवलंय, आणि तो खोका अडकलाय कस्टममध्ये. "तुझं नाक असताना खोका कशाला? त्याच्या अंगावरचा एकेक वास शोधून काढून टाक. तुझ्याच नाकावर माझा भरवसा आहे."

आजूबाजूचे दुकानदार ऐकत होते. मी छाती फुगवली.

आता हे फक्त या पानाला सांगतो. माझं नाक दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापात गेलं, ते आलंच नाही. ऊद, गुलाब, फिनेल — मला सगळं पाणी! कुणाला माहीत नाही. गावी बायकोला, नूरुन्निसालाही नाही. बाटल्यांच्या जागा पाठ आहेत. गिऱ्हाईकाच्या मनगटावर थेंब लावायचा, डोळे मिटायचे, "आहाहा" म्हणायचं आणि एक डोळा हळूच उघडून त्याचं तोंड बघायचं. तोंडावर सगळं कळतं. एकदा झाडणाऱ्याने दोन बाटल्यांची अदलाबदल केली आणि मी ऊद मागणाऱ्याला मोगरा विकला. आठवड्याने परत आला — आणखी एक बाटली न्यायला! बायकोला फार आवडला म्हणे.

पण हरणाचं तोंड कसं वाचायचं? आणि हे उघडं पडलं तर चोपन्नाव्या वर्षी बिननाकाच्या अत्तरवाल्याला ठेवील कोण? इकामा, इथे राहायचा परवाना, जूनमध्ये संपतोय. पोरीचं, अफशाँचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. माझ्या नाकावर आमचं घर चालतं, आणि नाक तर बंद!

७ फेब्रुवारी, शुक्रवार. ताइफ

पोचलो. थंडी अशी की दात वाजताहेत. डोंगराच्या कुशीत कुंपण घातलेली मोठी दरी, वर पाण्याचा हौद, तीसेक हरणं. बारा वर्षांपूर्वी अबू नबीलनी हौसेने बाहेरून आणलेली. इकडे रानातल्या हरणाला हात लावला तर तुरुंग. ही घरची, म्हणून चालतं.

नबील सव्वीसचा. मुलगा वाईट नाही, तोंड मात्र मिटत नाही. अमेरिकेत धनुष्याने शिकार करायला शिकून आलाय. त्याला सगळ्यात मोठा, पसरट शिंगांचा नर हवाय. बाप तीन दिवस नाही म्हणत होता. मग म्हणाला, बरं. पण पायी जायचं, फक्त धनुष्य न्यायचं, आणि रमजानच्या आधी आटपायचं. एकुलता एक मुलगा, किती दिवस नाही म्हणणार!

"पंचवीस पावलांवर पोचलो की खलास," नबील म्हणतो. त्याहून लांबून बाण नुसता जखमी करतो. आणि हरीण म्हणे दोनशे पावलांवरून माणूस हुंगतं. हेवा वाटला मला.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी नबीलला अंगणात उभं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत हुंगलं. डॉक्टर छाती तपासतो तसं, मध्येमध्ये थांबून, हुं हुं करत.

"शाम्पू."

"बरोबर!"

"वेलची." आताच तर कॉफी प्यायला होता!

"गाडीतलं सुगंधी कार्ड." काल दोन तास माझ्या डोळ्यांसमोर लटकत होतं.

पोरगा थक्क. "वल्लाह, बाबा खरं बोलतात!" मग सोड्याच्या पाण्याने आंघोळ, सोड्यात उकळलेले कपडे, ते डोंगरातल्या झुडपांवर वाळवलेले. धनुष्याला त्याने लोकरीचा धागा बांधलाय, तो उडतो त्यावरून वारा कळतो. वारा तोंडावर घेत, वाकून वाकून गेलो. अर्ध्या वाटेवर वारा फिरला. तीसच्या तीस माना वर आणि दरी रिकामी!

परत आल्यावर धोंडीराम हसत होता. हा इथला राखणदार, आमच्या कोकणातला, गुहागरचा. नऊ वर्षं एकटा हरणांचा चारा, पंप, कुंपण बघतो. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून मला सोडत नाही. म्हणाला, "चाचा, छोट्या शेखच्या डोक्यावरच्या रुमालास दर्ग्यातल्यागत वास मारतोय." आईच्या कपाटातला रुमाल! तिथे रोज बखूरचा, सुगंधी लाकडाचा, धूर देतात.

"मी तेच सांगणार होतो," मी म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

युक्ती सापडली! धोंडीरामलाच माझं नाक केलं, आणि त्याला पत्ता नाही. "ये रे, तुझी परीक्षा घेतो. सांग बघू, नबीलच्या बुटाला कसला वास येतो?" तो बिचारा मनापासून हुंगतो. "पेट्रोल, चाचा." "शाब्बास. आणखी?" "रबर." "हळूहळू येईल तुला." उस्तादासारखी मान डोलावतो. मग नबीलकडे जाऊन तेच माझं म्हणून सांगतो. बूट बदलले, कॉफी बंद, लसूण बंद. आज ऐंशी पावलांपर्यंत पोचलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

नूरुन्निसाचा फोन. "बोंबील तळतेय." मी म्हटलं, इथपर्यंत वास आला. खूश झाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज साठ पावलं. मग संध्याकाळी नबीलच्या मामाकडचे पाहुणे आले आणि सगळ्यावर पाणी पडलं. कॉफी झाली, खजूर झाले आणि रिवाजाप्रमाणे बखूरचं धुपाटणं फिरलं. पाहुण्यांसमोर नाही म्हणणं म्हणजे अपमान. नबीलने सवयीने रुमालाखाली धरलं, दाढीखाली धरलं, सदऱ्याच्या बाह्यांत धूर भरून घेतला. मग माझ्याकडे दिलं. मीही घेतलं की! हात आपोआप गेले. चार दिवसांचा सोडा वाया.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे उठून नबीलला दोनदा धुतलं. "आता काही वास नाही," मी छातीठोक सांगितलं. धोंडीराम चाऱ्याच्या गाडीवर गेला होता, विचारणार कुणाला? हरणं दीडशे पावलांवरून पळाली. परतल्यावर धोंडीरामने हुंगून सांगितलं, दाढीत बखूर तसाच होता!

नबील चिडला. "तू म्हणालास काही वास नाही! बदरुद्दीन, तुझं नाक गेलं की काय? बाबांना सांगू?"

चेष्टेत बोलला. मीही हसलो. जेवण गेलं नाही मात्र.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पकडला गेलो. दुपारी धोंडीरामच्या खोलीत बसलो होतो. तो बाहेर पंपाशी, आणि मी चुलीकडे पाठ करून मोबाईलवर अफशाँचे फोटो बघतोय. तो धावत आला, नाकावर हात, डोळ्यांत पाणी.

"चाचा! दूध जळून कोळसा झाला! तुमास कळलं नाय?"

त्याने भांडं बाहेर फेकलं, परत आला, समोर बसला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "मंग मला सांगायचंत ना वो. परीक्षा कसली घेताय!" म्हणाला आणि चहा टाकला. कुणाला बोलणार नाही म्हणाला. इतकं हलकं वाटलं की काय सांगू! दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी कळलं.

मग तोच बोलत बसला. त्या थोरल्या नराला तो सरपंच म्हणतो, कारण तो सगळ्यांच्या आधी पाण्यावर येतो आणि कुणाचं ऐकत नाही. त्याची आई पहिल्याच हिवाळ्यात मेली. अबू नबीलनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं, दर आठवड्याला जेद्दाहून येऊन. अजूनही येतात तेव्हा कुंपणाशी खुर्ची टाकून बसतात. मी म्हटलं, मग मारायची परवानगी दिलीच कशी? "पोरास नाय म्हणवत नाय त्यांना," धोंडीराम म्हणाला.

मनात कुठेतरी टोचलं. पण परवानगी त्यांची, हरीण त्यांचं, मुलगा त्यांचा. नोकरी तेवढी माझी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा पराक्रम माझा एकट्याचा. धोंडीरामने नबीलला नखशिखांत हुंगून अंगठा दाखवला. बिनवासाचा माणूस! जुम्म्याची नमाज उरकून निघालो. चाळीस पावलं... आणि वारा वळला. सरपंचाने मान उचलली, सरळ माझ्याकडे बघितलं. नबीलकडे नाही, माझ्याकडे! आणि गेला.

परतल्यावर धोंडीरामने माझ्या कानात बोट घातलं आणि कापूस काढला. अत्तराचा फाया! दर शुक्रवारी आंघोळ झाली की फाया कानात. बापाने शिकवलं ते हात विसरत नाहीत. वास येत नाही तरी लावतोच. नबीलने बघितलं नाही, नाहीतर माझी रवानगी आजच झाली असती.

सोमवारी आम्ही परत जाणार. उरले दोन दिवस.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! वास काढायचाच कशाला?

सकाळी धोंडीराम चारा टाकत होता. हरणं त्याच्या मांडीला घासून जात होती. त्याच्या अंगाला बिडी, बकऱ्या, कडबा, घाम, सगळं असणारच, तरी एकही पळत नाही. नऊ वर्षं तोच वास आणि चारा बरोबर येतात! म्हणजे नबीलला बिनवासाचा नाही, धोंडीराम करायचा!

आता धोंडीरामला हे कसं सांगणार? सांगितलं नाही. नबीलचं नवंकोरं जाकीट घेऊन त्याच्याकडे गेलो. "छोट्या शेखने दिलंय. तुझं जुनं दे इकडे, सोड्यात टाकतो." बिचारा इतका खूश की बकऱ्यांसमोर दोन फेऱ्या मारून आला. त्याचं जाकीट, कानटोपी आणि उशाची चादरसुद्धा उचलली. नबीलने आधी नाक मुरडलं. मग म्हणाला, "बदरुद्दीन, तू सैतान आहेस!" रात्रभर त्या चादरीत झोपणार आहे. शेखचा मुलगा, बिडीच्या वासात! मला तर हसू आवरत नाहीये.

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं.

या वेळी वारा आमच्याकडून त्यांच्याकडे जाऊ दिला. मुद्दाम. हौदाजवळच्या दगडाआड नबील बसला, मागे मी धोंडीरामची कानटोपी घालून. वास पोचला. माना वर झाल्या. कुणी पळालं नाही. सरपंच तर उलट पुढे आला. मान खाली घालून, सावकाश, चाऱ्याला यावं तसा. चाळीस, तीस. मी पावलं मोजत होतो. वीसवर आला तरी थांबेना. नबीलने बिस्मिल्ला म्हटलं.

सरपंच शेवटपर्यंत पळाला नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

नबीलने मला उचलून गरगर फिरवलं. लगेच बापाला फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून कोरडं अभिनंदन आलं, "मबरूक." मग विचारलं, "बदरुद्दीन कुठे होता?" नबील ओरडला, "बरोबरच होता! सगळं त्याच्यामुळे! काय नाक आहे, बाबा!" आणि फोन तुटला. डोंगरात रेंजची बोंबच आहे.

जिंकलो! आता जून काय, पुढची दहा वर्षं माझ्या नाकाला कुणी बोट लावणार नाही. अफशाँला मेसेज टाकला: अब्बांनी आज कमाल केली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निघताना धोंडीरामला हाक मारली. त्याने वळून बघितलं नाही. नवं जाकीट घडी करून माझ्या दारात ठेवलेलं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. बलद

अबू नबील दुकानात आले. कॉफी घेतली नाही. रागावले नाहीत. त्या हरणाला लहानपणी बाटलीने दूध कसं पाजायचे, तेच सांगत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला वास येत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे, बदरुद्दीन. म्हणून तर तुला पाठवलं होतं."