ओसरीवरचं बंद दार

मी, मधुकर नत्थूजी देवतळे, वय एकाहत्तर, राहणार पिपरी मेघे, निवृत्त चित्रकला शिक्षक. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. डोकं ठिकाणावर आहे. जावई शंका काढतील म्हणून मुद्दाम नमूद करतो. कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो ते असे :

१. पिपरीचे राहते घर माझी धाकटी बहीण कांता हिने हयातभर वापरावे. तिच्यामागे ते माझी मुलगी सुलोचना हिचे. तोवर जावयांनी टेप घेऊन भिंती मोजायला येऊ नये.

२. पोस्टातली शिल्लक सुलोचनाला. रंग आणि ब्रश शाळेला. माझ्या चित्रांना कॅलेंडरं म्हणणाऱ्या तिथल्या प्रभाकरराव मास्तरांनी मात्र त्यांना हात लावू नये.

३. बैठकीतले, रोहण्याच्या वावरातल्या आमच्या जुन्या घराचे तैलचित्र. कडुनिंबाची सावली, पांढरी भिंत, ओसरीवर बंद दार. येणारा प्रत्येक जण थबकतो, "काय शांत घर आहे हो, गुरुजी!" म्हणतो. मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मी मुळात रंगवले तेव्हा ते दार उघडे होते. उंबऱ्याशी कांता तूर निवडत बसलेली होती. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती परत आली, तेव्हापासून त्या घराचे सारे तिनेच केले. १९७२ साली सुलोचनाला पाहायला आर्वीचे पाहुणे यायचे होते. माझी पत्नी, कै. आनंदाबाई, म्हणाली, "बसल्याबसल्या पहिले विधवा बाईच दिसन पाहुण्याइले. बरं दिसते का?" मी वाद घातला नाही. कांतावर तपकिरी दार रंगवले. पाहुण्यांना चित्र फार आवडले. आतून पोहे कांतानेच पाठवले होते.

नंतर ती चित्रापुढे उभी राहिली. म्हणाली, "दार चांगलं जमलं तुले, दादा." तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते. आनंदाबाईला बोल लावत नाही. ब्रश माझ्या हातात होता.

परवा ते दार खरवडून पाहिले, तर खालचा रंगही निघू लागला. घाबरून थांबलो. पुन्हा काढतो, समोर बस असे कांताला म्हटले, तर म्हणते, "आता काऊन? राहू दे. मले सवय झाली."

चित्र कांताचे. ठेवावे, विकावे, चुलीत घालावे, तिची मर्जी.

हे सारे वाचून दाखवल्यावर कांताने विचारले, "मी बी करू का सही?" वकील म्हणाले, जिला मिळायचे तिची साक्ष नको. ती उठून आत निघाली होती. मी हात धरून बसवले. म्हणून साक्षीदारांच्या नावांच्या वर माझ्या हाताने लिहितो : हे लिहिताना कांता इथे, माझ्यासमोर, बसलेली होती.

सही : म. न. देवतळे
साक्षीदार : १. रामाजी लोणकर २. ओमप्रकाश तिवारी
पिपरी मेघे, ता. ११ नोव्हेंबर १९८४