मनवा अजून चार किलोची भरत नाही

पारनेर

आदरणीय व्याही सुहासराव यांस,

नृसिंहचा सविनय नमस्कार. विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो ना? राजूरच्या गारठ्यात त्यांनी पहाटे उठू नये, असं आमच्या सुचित्रेचं सांगणं आहे (स्वतः ती पाचला उठते, ते सोडा). इकडे मधुवंती आणि बाळ खुशाल आहेत.

नात चार किलो भरली की मायलेकींना राजूरला पाठवायचं, असं आपलं बारशात ठरलं. मी शब्दाचा पक्का. म्हणून मसाल्याच्या काट्यावर परात ठेवून मनवाला रोज तोलतो. काल परात वजा जाता काटा ४१८० ग्रॅम दाखवत होता. पण जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस असा फसत नाही. तुम्ही घातलेले वाळे पाच तोळ्यांचे. सराफ हल्ली तोळा दहा ग्रॅमचा धरतात, मी जुना, ११.६६चा धरला, कारण तुमचं घराणं जुनं. झाले ५८.३, तुमच्या मानाखातर साठ. दुपटं नव्वद. नुकतं प्यालेलं दूध साठ (पचेपर्यंत ते तिचं कसं म्हणावं?). तीट एक ग्रॅम. मालिशचं तेल आठ. त्यासाठी वाटी आधी आणि नंतर तोलली. त्यावर मालिशवाल्या लंकाबाई म्हणाल्या, "सर, पोरीला असं रोज तोलू न्हाई, दिष्ट लागती. अन् तेल काय वजनात धरत्यात व्हय?" मी धरलं. उरले ३९६१, म्हणजे एकोणचाळीस ग्रॅम कमीच. मधुवंती म्हणाली, "बाबा, असाच हिशेब चालला तर ही पुन्हा पोटात जाईल." माझ्या शिकवणीचं फळ घरातच असं मिळतं. तेव्हा घाई नसावी.

आपला,
नृसिंह

ता. क. : आज लसीला नेलं होतं. तिथल्या काट्यावर नुसत्या लंगोटात चार किलो साठ ग्रॅम. नर्सबाईंनी कार्डावर पेनानं लिहिलं, आता खोडता येत नाही. खरं सांगतो सुहासराव, ती गेली की संध्याकाळी रिकामी मांडी घेऊन कुठं बसू, हे मला सुचत नाही. फोनवर सांगणार होतो, पण नंबर लावून फोन ठेवून दिला. लंकाबाई म्हणतात, दोन-चार दिवसांत पोर माणूस ओळखून हसायला लागेल. ते पहिलं हसू माझ्याकडे बघून होऊ द्या, मग खुशाल गाडी पाठवा. नात तुमचीच आहे.

ता. क. दुसरा : मघाशी हसली. माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघून. हे मी धरलेलं नाही.