ओतोसानच्या रायफलीची पितळी माशी

ऑक्टो. ५, शनि.
ओतोसाननी आज रायफलीवरची दुर्बीण उतरवली. सासरे शहात्तरचे, पण हात माझ्याहून स्थिर. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल, त्यावर रायफल, बशीत चार स्क्रू, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. दुर्बिणीऐवजी जुन्या पद्धतीची लोखंडी जोडी बसवायची. मागे डोळ्याजवळ भोकाची चकती, पुढे नळीच्या टोकावर माशी, म्हणजे नेमाचा छोटा उंचवटा. भोकातून माशी बघायची, माशीवर सावज धरायचं. बस्स.
आता या वयात हे का? तर गेल्या हिवाळ्यात दाट झाडीत हरीण वीस पावलांवर आलं, दुर्बिणीत नुसती पानंच दिसली, घाईत गोळी सुटली. हरीण जखमी होऊन पळालं. दोन दिवस शोधलं, मिळालं नाही. मला हे पहिल्यांदाच सांगितलं, तेही स्क्रूंकडे बघत.
"पंधरा नोव्हेंबरला हंगाम उघडतो. त्याआधी एका दिवशी, पन्नास मीटरवर, कागदी ताटलीत पाच गोळ्या. पाचच्या पाच. नाहीतर परवाना परत."
माझा नवरा केंजी आजही योकोहामाला ऑफिसात. फोनवर म्हणाला, "परतच करायला सांग ना त्यांना." मीही हो म्हटलं. अंडंसुद्धा न शिजणाऱ्या घरातली मी, मला कसलं शिकारीचं कौतुक!

ऑक्टो. ७, सोम.
दुकानातून आणलेली माशी त्यांना दिसत नाही. इथल्या देवदारासारख्या सुगी झाडांखाली दुपारीही अंधार, त्यात काळं लोखंड. मी बोलून गेले, पितळेची करून देऊ का? इथल्या फॅक्टरीत पार्ट तपासायला लागायच्या आधी दहा वर्षं इचलकरंजीला वडिलांच्या, अण्णांच्या वर्कशॉपमध्ये कानसच मारली आहे मी.
लगेच हो नाहीच. आधी पोलिसांना फोन, मग बंदुकीच्या दुकानात फोन, दोन्ही उत्तरं तारीख-वेळेसह वहीत. नळीला खाच आधीपासून आहे, नवीन काही कोरायचं नाही, सुटी माशी कुणीही घासली तर चालतं. हे सगळं झाल्यावर माझ्यासमोर आले, "तर मग, ज्योती-सान, कृपा करून..." आणि कमरेत वाकले. सासरे, सुनेपुढे! कुठे तोंड लपवू असं झालं.

ऑक्टो. ११, शुक्र. खंडेनवमी
दरवर्षीसारखी माझ्या हत्यारांची पूजा. दोन कानशी, मापाचा व्हर्नियर, पकडीचा व्हाइस, विळीऐवजी किचनमधली सुरी. झेंडू नाही, पिवळी शेवंती. ओतोसान बघत उभे. म्हटलं, वर्षभर राबतात, आज त्यांना सुट्टी आणि नमस्कार. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. स्वतःचं खुरपं, कोयता धुऊन आणून शेजारी मांडले. मग लॉकर उघडून रायफल आणली, टॉवेलवर ठेवली.
आणि मी मूर्ख! कुंकवाचं बोट घेऊन सरळ तिच्याकडे.
"दामे!" म्हणजे नाही, अजिबात नाही.
आठ वर्षांत या माणसाचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. मी आणि रायफल यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. परवाना त्यांच्या नावाचा, तेव्हा हात फक्त त्यांचा. केंजीने कधी लावलेला नाही. सासूबाई तीस वर्षं त्या लॉकरच्या शेजारच्या खोलीत झोपल्या, त्यांनीही नाही. "ती म्हणायची, तुमचं दुसरं लग्न त्या कपाटात आहे." हे सांगताना थोडे हसले, मग माझ्या जीवात जीव आला.
करंडा मी पुढे सरकवला. त्यांनीच बोट बुडवलं. लाकडावर लावा, लोखंड गंजेल, एवढंच मी म्हटलं. लाकडावर एक टिकली लावली, हात जोडले आणि बराच वेळ तसेच थांबले. त्या हरणाचाच विचार असेल. विचारायची हिंमत नाही झाली.
आईला फोनवर सांगितलं. "अगं, भाताला मसूर मिळेना म्हणून रडत होतीस, आता बंदुकांची पूजा?"

ऑक्टो. २०, रवि.
माशी बसली. नळीच्या खाचेत आडवी सरकवून पितळी दांड्याने हलकेच ठोकत. टक. थांब. बघ. टक. ठोकत तेच होते, मी हात पाठीमागे बांधून उभी. अण्णा असते तर त्यांनी या माणसाला चहा पाजून कामावर ठेवून घेतलं असतं.
दुपारी नेमबाजीच्या रेंजवर. तीन गोळ्या, तिन्ही खाली. दोन ताटलीच्या जरा खाली, तिसरी फारच. गोळी वर न्यायची तर माशी बुटकी करायची. तिन्हींची सरासरी काढली, गणित मांडलं, घरी येऊन एका बैठकीत घासून दिली. फॅक्टरीत असंच करतो.

ऑक्टो. २७, रवि.
आज सगळ्या वर. दोन तर ताटलीच्या डोक्यावरून. घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही.
परतीच्या गाडीत मी रडवेली. ते शांतपणे म्हणाले, "त्या दिवशीची तिसरी गोळी तू हिशेबात धरायला नको होती. ती माझी चूक होती. मी दचकलो होतो."
मग तेव्हाच का नाही सांगितलं?
"तू विचारलं नाहीस. आणि तू इतकी मन लावून लिहीत होतीस."
मी तीन भोकं मोजली, माणसाला विचारलंच नाही. हे मला एवढ्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. लाज वाटली, आणि या माणसाबद्दल असं काहीतरी वाटलं की...
राहू दे. नवी माशी करायची. अठरा दिवस.

नोव्हें. ४, सोम. सुट्टी
दुसरी माशी. या वेळी व्हाइस गाडीच्या डिकीत, रेंजच्या पार्किंगमध्ये. त्यांनी गोळी झाडायची, प्रत्येक गोळीनंतर सांगायचं : "ही खरी", किंवा चुकली असेल तर "ही माझी". खरी तेवढीच धरायची. मग माशी काढून माझ्या तळहातावर, कानशीचे दोन हात, परत खाचेत. सकाळी नऊपासून तीनपर्यंत. एकदाही घाई नाही, एकदाही "झालं का?" नाही. शेवटच्या तीन गोळ्या मधोमध. तिन्ही "खऱ्या".
मला टाळ्या वाजवायच्या होत्या. इथे कुणी वाजवत नाही.

नोव्हें. १४, गुरु. संध्याकाळ
रजा टाकून गेले. आजची शेवटची संधी. वारा नाही. सकाळपासून मनात एकच, लागू दे, पाचही लागू दे. माझ्यासारखीने हे मागावं! पण मागितलं.
पहिल्या चार आत. पाचवीच्या आधी त्यांनी रायफल खाली ठेवली, चष्मा पुसला, श्वास घेतला, पुन्हा धरली.
पाचवी काठावर. भोकाने ताटलीची कड फाडली आहे. आत की बाहेर?
ताटली त्यांनीच काढून आणली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "माझे डोळे माझ्या बाजूने बघतील. तपासणं तुझं काम आहे, ज्योती-सान. उद्या सकाळी सांग. तू म्हणशील तसं." पाचवी "खरी" की "माझी", तेही सांगितलं नाही. या वेळी मी विचारलं होतं.
केंजी फोनवर : "तुमच्या फॅक्टरीत शंका म्हणजे बाद, असं तूच सांगतेस ना?" सांगते.
ताटली समोर आहे. व्हर्नियर तीनदा लावला. कागद फाटलेला, कड दर वेळी वेगळी येते. आत म्हटलं आणि परवा डोंगरात एखादं हरीण जखमी होऊन पळालं, तर ते माझ्याही नावावर. बाहेर म्हटलं तर ते मान लवतील, थँक्यू म्हणतील, कोट घालून पोलिसांकडे जातील, आणि मला एका शब्दानेही दोष देणार नाहीत. तेच सहन होणार नाही.
शेजारच्या खोलीत ते रायफल पुसताहेत. तेलाचा वास इथपर्यंत येतोय. रोज जितका वेळ पुसतात तितकाच वेळ.
चौथ्यांदा मोजते.