तिसऱ्या बाकावरची गादी

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम. तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा सलाम, कारण मागच्या पत्रात तू त्यांच्याबद्दल दीड पान लिहिलंस आणि स्वतःबद्दल दोन ओळी. मुलाला, सूनबाईला आशीर्वाद, नातीला गोड पापा. मी बरी आहे. दुकानात शिवणाचं काम भरपूर आहे. माझी झिगझॅग कात्री मात्र अजून सापडलेली नाही. तीच, मधला एक दात तुटलेली, जिने कापलं की नागमोडी कडेत मध्येच एक सपाट जागा राहते. तुझ्या सामानात चुकून गेली नाही ना, हे मी तिसऱ्यांदा विचारते आहे. गेली नसेल तर तू राग मानू नकोस. गेली असेल तर मी मानणार आहे.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आपल्या चर्चमध्ये काहीतरी शिजतंय. दाराजवळची प्रार्थनेची पेटी तुला आठवते ना? आपण चिठ्ठ्या टाकायच्या आणि पाळकांनी त्या रविवारी नाव न घेता वाचायच्या. तू होतीस तोवर तिच्यात गुडघे, परीक्षा आणि सेक्रेटरींचा रक्तदाब यापलीकडे काही निघत नसे. पण महिन्यापूर्वी पाळकांनी चष्मा पुसला (तेव्हाच मला संशय यायला हवा होता) आणि वाचलं, "आपल्यातल्या एका बाईसाठी प्रार्थना करू या. तिच्या शेजारची जागा बरेच दिवस रिकामी आहे. तिला वाटतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्याजवळ कुणीतरी बसावं." सगळे आमेन म्हणाले. मी जरा मोठ्यानेच म्हणाले, कारण त्या बाईची मला फार दया आली. ती कोण, हे मला लगेच कळलं होतं. खोकलेबाई. आठवतात ना, शेवटच्या बाकावरच्या, उपदेश सुरू झाला की ज्यांचा खोकला सुरू होतो आणि ज्यांच्या आसपास चार हात कुणी बसत नाही? मी डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. एक डोळा किलकिला ठेवून मागे पाहिलं, त्यांना कळलं का ते बघायला. तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. दयेने!

पुढच्या रविवारी मी ठरवलं, नुसतं आमेन म्हणून भागत नाही. पर्स उचलली, आपला तिसरा बाक सोडला आणि भिंतीकडच्या वाटेने शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाक रिकामा. वाटलं, येतील. पहिलं गीत झालं, दुसरं झालं. मग पुढून ओळखीचा खोकला आला. मान उंच करून पाहते तर खोकलेबाई मधल्या वाटेने जाऊन आपल्या तिसऱ्या बाकावर बसलेल्या! आणि कशावर? तुझ्या निळ्या गादीवर! (हो, ती गादी मी अजून दर रविवारी नेते आणि शेजारी ठेवते. कुणी विचारलं तर सांगते, ताई दोन महिन्यांसाठी मुलाकडे गेली आहे. त्याला आता चौदा महिने झाले असतील. मी काही मोजत बसलेले नाही.)

उपासना संपल्यावर दारात गाठ पडली. "तुम्ही मागे कशा?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही पुढे कशा?" मी विचारलं. "तुम्हाला सोबत म्हणून." "मला? अहो, मी तुम्हाला सोबत द्यायला गेले होते!" "मला कशाला लागते सोबत? मला हवेशीर बसायला आवडतं." मग आम्ही दोघींनी एकमेकींना 'प्रभू तुमचं भलं करो' म्हटलं, पण दात आवळून.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. चिठ्ठी खोकलेबाईंबद्दल नसेल तर कुणाबद्दल? आणि लिहिली कुणी? मंडळीने तर आपापसात निकाल लावून टाकलेला दिसत होता. पाळकीणबाई अर्धा केक घेऊन दुकानात आल्या, म्हणे घरात जास्त झाला. चार मुलांच्या घरात केक जास्त होतो, हे तू तरी मानशील का? औषधांच्या दुकानातले भाऊ, जे एरवी वर बघून बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, "जेवण वेळेवर होतं ना?" या सगळ्यावर कडी म्हणजे गुरुवारी मी फुलदाण्या धुवायला गेले तर सेक्रेटरी टेप घेऊन आपला तिसरा बाक मोजत होते. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "काही नाही, असंच." ताई, जन्मभर टेप गळ्यात घालून वावरलेल्या बाईला कुणी सांगावं की माणूस 'असंच' मोजमाप घेतो? मला सगळा डाव दिसला. आधी मला बिचारी ठरवायचं, मग 'आमच्यात बसा' म्हणून उठवायचं आणि बाक हलवून तिथे तो नवा हीटर ठेवायचा, ज्यासाठी ते दोन वर्षं जागा शोधताहेत.

मग मी तपास हाती घेतला. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या, चिठ्ठी आणि सगळ्यांची अक्षरं. अक्षरं मिळवणं सोपं गेलं. उपासनेनंतरच्या चहासाठी मी पाळ्यांचा कागद लावला, 'प्रत्येकाने स्वतःच्या हाताने नाव लिहावे.' अकरा वर्षं तो चहा तू आणि मी केला, मग मी एकटीने. वाटलं होतं, चार नावं मिळतील. चार दिवसांत सव्वीस मिळाली. आता चहाला माझी पाळी येईल वर्षाच्या शेवटी, आणि रविवारी उपासना संपली की हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही.

चिठ्ठीचं काम अवघड होतं. वाचलेल्या चिठ्ठ्या पाळक झग्याच्या खिशात ठेवतात. योगायोगाने त्यांच्या झग्याची खालची पट्टी उसवली. (कशी, ते विचारू नकोस. बुधवारी मागची खोली उघडी असते आणि माझ्या पर्समध्ये ब्लेड असतं.) ते स्वतः झगा घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आहात म्हणून आमची लाज राहते." मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी दुहेरी शिलाई घातली. अर्थात आधी खिसा पाहिला. चिठ्ठी होती. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या मुलाने काढल्यासारखं, सव्विसांतल्या एकाशीही न जुळणारं. मी ती दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिली.

झगा परत देताना चिठ्ठीही दिली. पाळक म्हणाले, "वाचलीत?" मी म्हटलं, "खिसा रिकामा केल्याशिवाय इस्त्री होत नाही." ते हसले. म्हणाले, "ही पेटीत नव्हती, पोस्टाने आली. याहून जास्त विचारू नका." मी विचारलं नाही.

तर असं आहे ताई. कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिलेली नाही. तू मात्र तिकडे निश्चिंत राहा, माझी काळजी करू नकोस. मी मुळीच एकटी नाही. हे मी पाळकीणबाईंनाही सांगितलं, केक खाता खाता.

तुझी,
धाकटी

ता.क. सेक्रेटरींच्या टेपचा उलगडा झाला. आपल्या बाकाचा मागचा पाय खिळखिळा झाला होता आणि त्यांना मापाचं लाकूड आणायचं होतं. दोघी बसल्या तरच तो डुगडुगतो. एकटीला इतके दिवस कळलंच नाही.

ता.क. दुसरा. त्या चिठ्ठीची कड नागमोडी होती, मध्ये एक सपाट जागा. मी दुकानातल्या जुन्या चिंधीला लावून पाहिली. दाताला दात जुळला. म्हणजे माझी कात्री सापडली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा तू डाव्या हाताने लिहायला शिकलीस, हेही मग आठवलं. मी हे सगळं पत्राच्या सुरुवातीलाच लिहू शकले असते, पण चार आठवडे मी ज्या संशयात काढले, त्यातला थोडा तुलाही मिळावा असं वाटलं. दोनदा मला 'इथे नाही गं' लिहिणारी तू!

ता.क. शेवटचा. खोकलेबाई आता तिसऱ्या बाकावरच बसतात. मी बोलावलं नव्हतं, पण उठही म्हटलं नाही. तुझी गादी त्या उचलून मांडीवर ठेवतात आणि स्वतः नुसत्या लाकडावर बसतात. दोन खोकल्यांच्या मधे गीताचा तुझा खालचा सूर धरतात, आणि बरा धरतात. पाय दुरुस्त झालाय, बाक आता तिघींना पुरतो. कात्री पोस्टाने पाठवू नकोस, धार जाते. हातानेच आणून दे.