घरटी पंधराशे

रविवार, २ मार्च २०२५

बयाबाईनं गेल्या साली शेळी विकली — जत्रेच्या वर्गणीसाठी! हे मला आज कळतंय. भिंतीला भिंत लागून घर, आणि वर्षभर पत्ता नाही. शाब्बास मी!

घरटी पंधराशे. रंगनाथकाकांची वीस एकर द्राक्षबाग, वर कोल्ड स्टोरेज — पंधराशे. बयाबाईचा अर्धा एकर झेंडू — पंधराशेच. आठवडाभर मी शहरात, द्वारका चौकातल्या ऑफिसात लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरते. तिथे थोडं कमावणाऱ्याला शून्य, वर चढत जाईल तसा दर चढता. आणि सुट्टीला गावी येऊन हे बघायचं!

तिची एकच शेळी उरलीय. ती मी विकू देणार नाही.

बुधवार, ५ मार्च

जत्रा कमिटीच्या सोमनाथदादांना फोन केला. "तृप्ते, तुझं पटतंय गं. पण काका ऐकायचे नाय."

बघू!

रविवार, ९ मार्च

काकांच्या ओट्यावर जाऊन आले. चहा दिला, बिस्किटं दिली, नकारही दिला.

"शेतीला सरकार इन्कम टॅक्स लावत नाय, अन् तू कोण लावणार? देवाच्या दारात सगळे सारखे."

म्हटलं, सारखे ना? मग सगळ्यांना सारखं दुखू द्या! तुमचे पंधराशे गेलेले तुम्हाला कळत तरी का?

काका भडकले. "मग भोंग्यावर माझं नाव दोनदा वाचणार काय?" भोंगा म्हणजे काकांचा जीव. जत्रेच्या सकाळी वर्गणीदारांची नावं वाचतात, घरटी एक नारळ देतात. तेव्हा हे कडक इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत हजर. मला हसू फुटलं, ते आणखी भडकले. चहा मात्र फक्कड होता.

बुधवार, १२ मार्च

मार्चअखेर, ऑफिसात श्वास घ्यायला सवड नाही. डोक्यात शेळी.

रविवार, १६ मार्च

जिंकलो!!

जत्रेची बैठक होती, सभामंडप खचाखच. मी गट मांडले — मोठी कमाई, मधली, बेताची; आणि ज्यांचं कसंबसं भागतं त्यांना वर्गणी माफ. आपला गट आपणच सांगायचा, पण देवासमोर उभं राहून. खोटं बोलायची कुणाची छाती आहे!

काकांची होती. "द्राक्षात औंदा काय उरलंच नाय. मला मधल्या गटात घाला."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून बयाबाई — "असं म्हणतोस? मग तुझी बाग मला दे, माझी शेळी तू घेऊन जा!"

सभामंडप हसून लोटपोट! काकांनाही हसू आवरेना. "घाला, घाला वरच्या गटात!" भराभर हात वर झाले. सोमनाथदादा म्हणाले, "औंदा नावं तूच वाचायची."

घरी येताना रस्त्यातच नाचावंसं वाटत होतं. बयाबाई माफीच्या गटात. शेळी वाचली!

शनिवार, १२ एप्रिल

काय दिवस होता! भोंगा माझ्या हातात. एकेक नाव असं खणखणीत वाचलं की नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. निम्मी आळी माफ करूनही वर्गणी गेल्या सालापेक्षा जास्त! कुस्त्यांची बक्षिसं वाढली. काकांच्या नावाला टाळ्या पडल्या, तर ते टोपी सावरत चक्क उठून उभे राहिले. आता पुढच्या साली हेच माझ्या बाजूने भांडतील!

बयाबाई शेवटपर्यंत लिंबाखाली उभी होती. नवं लुगडं, हातात रिकामी पिशवी. मी हात केला. तिनं केला नाही. गर्दीत दिसले नसेन.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी बयाबाई दारात. पिशवी तीच.

"शेळी राहिली पोरी, खोटं कशाला बोलू. पण आमचे धनी गेले तरी दर साली भोंग्यावर त्यांचं नाव येत हुतं. औंदा नाय आलं."

वीस रुपये हातावर ठेवले. "पुढल्या सालचे. आत्ताच पावती फाड."

पावतीपुस्तक काढून लिहिलं — चिमाजी सहादू.

"वाच."

वाचलं. दारातच उभं राहून, मोठ्यानं.