प्रश्न चौथा : घरात चुली किती?

ती. सौ. दमयंती आत्यास,

पूर्वीचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (पहिल्या ओळीत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते खाली येईल). तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला थांबला का? पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तू पनवेलच्या एसटी स्टँडवर उभ्या उभ्या आम्हा सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेस, माझासुद्धा (मी तर त्या दिवशी क्लासला होते), त्यामुळे उरणपर्यंत पोचायला पोस्टाशिवाय मार्ग उरला नाही.

तर झालं असं की, बारावीची परीक्षा संपल्यावर मी रिकामी बसू नये म्हणून बाबांनी मला समाजशास्त्राच्या ऑनलाइन कोर्सला घातलं. न्हावा शेव्याला त्यांच्या ट्रेलरवर जो क्लीनर आहे, त्याच्या बहिणीने तो केला आणि तिला नोकरी लागली (कपड्यांच्या दुकानात, पण लागली). कोर्सच्या मॅडम मला कधी दिसलेल्या नाहीत. त्यांचा फक्त आवाज येतो आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. पहिल्या आठवड्यात समाज म्हणजे काय ते झालं, दुसऱ्यात कुटुंब आलं, आणि तिसऱ्यात मॅडमनी सांगितलं की आपापल्या गावात चाळीस घरं फिरून फॉर्म भरून आणा. त्यातला चौथा प्रश्न असा होता : घरात चुली किती, आणि एका चुलीवर जेवणारी माणसं किती? एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, अशी शास्त्रात व्याख्या आहे म्हणे.

आत्या, हा प्रश्न आपल्या गावात विचारायचा नसतो, हे शास्त्राला माहीत नव्हतं आणि माझ्या लक्षात आलं नाही. हायवे आला तेव्हा हाच प्रश्न, रेल्वे आली तेव्हा हाच, विमानतळ आला तेव्हाही हाच. एक चूल म्हणजे एक कुटुंब आणि एक कुटुंब म्हणजे भरपाईचा एक प्लॉट, हे आपल्याकडे पोर रांगायच्या आधी शिकतं. सोमवारी मी गळ्यात कॉलेजचं आयकार्ड घालून बारा घरं फिरले, बारा चुली निघाल्या. मंगळवारी पुढच्या दहा घरांत एकवीस निघाल्या. बुधवारी सोमवारची बारा घरं मला रस्त्यात गाठून फॉर्म परत मागू लागली, परवा सांगताना चूक झाली म्हणून. मारुतीच्या देवळामागचे दाजी (वय बहात्तर, अविवाहित) यांनी दोन चुली लिहायला लावल्या. एक आत्ताची, आणि दुसरी लग्न झालं तर असावी म्हणून. मी घरोघर सांगितलं की हे फक्त कॉलेजचं काम आहे. पण आजवर आलेल्या प्रत्येक सर्वेवाल्याने असंच काहीतरी सांगितलेलं असल्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली.

आपल्या कमलाकर काकाचं तर विचारूच नकोस. मी त्याच्याच घरात राहते, त्याच्यासमोर फॉर्म छापून आणले, तरी त्याचं म्हणणं असं की कॉलेजला हे काम वरून आलंय आणि पोर लहान आहे म्हणून तिला सांगितलेलं नाही. बुधवारी संध्याकाळी त्याने माळ्यावरची जुनी शेगडी काढून पडवीत मांडली. नुसती मांडून चालत नाही, चूल वापरातली दिसली पाहिजे, म्हणून पद्मजा काकूला तिच्यावर रांधायला बसवलं. काकूने पहिल्या दिवशी भात केला, दुसऱ्या दिवशी बोंबलाचं कालवण. तिच्या माहेरचं, नारळाशिवायचं.

त्या कालवणाबद्दल मी तुला काय सांगणार! दोन वर्षांपूर्वी भरल्या पंगतीत तू त्याला 'बोंबलाने आंघोळ केलेलं पाणी' म्हणालीस. काकू म्हणाली, मग नारळवालीच्या हातचं जेवा. तू ताटावरून उठलीस. तेव्हापासून काकूने आपल्या घरात कालवणाला हात लावला नव्हता, फक्त आईच करायची, नारळ घालून. आता काकूची स्वतःची चूल झाली. काका दोन वाट्या जास्त जेवला. त्यांच्या शैलेशने तर ताट चाटलं. बाबा 'पडवीचा दिवा तपासून येतो' म्हणून गेले ते मिशीला रस्सा लावून आले. आईने ते पाहिलं आणि बाबांशी बोलणं सोडलं. चाळीस फॉर्म भरून झाले, सर्वे संपला, पण शेगडी पडवीतच आहे. काकू ती आत आणायला तयार नाही, आई ती आत घ्यायला तयार नाही.

आणि आजी कुठल्याच चुलीवरचं जेवत नाही. ती म्हणते, 'समदी जेवतील तितं मी जेवन.' समदी कुठेच एकत्र जेवत नसल्याने ती तीन दिवस चहा आणि बटरवर आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आत्या. मला फार वाईट वाटतंय. मी रडलेसुद्धा, पण मोरीत, कारण घरात आता कुठल्या बाजूला बसून रडावं हाही प्रश्न आहे.

मॅडमना माझं काम आवडलं. चार दिवसांत एवढी एकत्र कुटुंबं विभक्त झालेली त्यांनी पाहिली नव्हती. याची कारणं दोनशे शब्दांत लिहा म्हणाल्या. मी लिहिलं : कारण मी. त्यांनी शेरा मारला की संशोधकाने स्वतःला मध्ये आणू नये. हा शेरा सोमवारच्या आधी मिळायला हवा होता.

बाकी सर्व ठीक. आतोबांना नमस्कार.

तुझी भाची,
पूर्वी

ता. क. चाळीसपैकी एकोणचाळीस फॉर्म वेबसाइटने घेतले. दाजींचाही घेतला. परत आला तो फक्त आपल्या घरचा, आजीने सांगितलेला, सगळ्यात पहिला भरलेला. लाल अक्षरांत आलं : संख्या जुळत नाही. खाली नावं सात आहेत आणि आजीने लिहायला लावलंय, चूल एक, माणसं आठ. मी म्हटलं, आजी, आपण सात आहोत. तर म्हणाली, 'दमी कुनी मोजायची?' मी खोडायला गेले, तिने कागद काढून घेतला आणि उशीखाली ठेवला.

ता. क. २. फॉर्म दुरुस्त करून द्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे. रविवारी येशील का? तू जेवायला बसलीस तर आजी बसेल, आणि आजी बसली की बाकीच्यांना बसावंच लागेल.

ता. क. ३. तुझा पत्ता मला ठाऊक नव्हता. पाकिटावरचं अक्षर काकूचं आहे. येताना नारळ आणू नकोस.