हवा मागणारा

सोमवार, दुपार

पोचलो एकदाचे! होडीतून उतरताना माझी एक चप्पल पाण्यात गेली आणि ती पकडायला लेकीने कपड्यांसकट उडी मारली. बेटावर आमचं आगमन असं वाजतगाजत झालं. खोली झकास आहे. दोन खाटा, मच्छरदाण्या, दारामागे ओले कपडे टांगायला खुंट्या. खिडकीतून दिसणारं पाणी तर नीळ घातल्यासारखं. ही घरीच राहिली. तिच्या मते बादलीपेक्षा खोल पाण्यात माणसाचं काही काम नाही. पण लेक, आमचं शेंडेफळ, तीन महिने हात धुऊन मागे लागली होती. बाबा, रिटायर झालात, आता तरी खुर्ची सोडा. तीस वर्षं मी दुकानदारांचे वजनकाटे तपासले. आता सिलिंडरचा काटा तपासत माशांच्या दारात जायचं.

बुड्या शिकवणारा मास्तर लेकीच्याच वयाचा. उन्हाने रापलेला आणि शब्दांचा कंजूष. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून त्याने दोन गोष्टी आमच्याकडून घोटून घेतल्या. पाण्याखाली कुणी आडवा तळहात गळ्यापाशी फिरवला, तर त्याची हवा संपली असं समजायचं. विचार करत बसायचं नाही, आपली जादाची पिवळी नळी काढून द्यायची. आणि एकदा दिली की त्याचा दंड धरून त्याला सोबत वर आणायचं. वीस वेळा केलं. एकविसाव्या वेळी मी म्हटलं, अहो, आता झोपेतही देईन. मास्तर हसला नाही.

मंगळवार, संध्याकाळ

इतकी वर्षं कुठे होतो मी? प्रवाळाच्या खडकावर जांभळं, शेंदरी, पिवळं, नाव घ्याल तो रंग. एक गलेलठ्ठ मासा प्रवाळ कुरतडत होता आणि त्याचा कुडूम कुडूम आवाज ऐकू येत होता, कुणी बर्फ चावावा तसा. लेकीने माझा हात दाबून समुद्रकासव दाखवलं. ते आमच्याकडे ढुंकून न बघता गेलं. मोठ्या साहेबाची आठवण झाली.

काटा दोनशेवर असताना उतरलो, पाऊण तासाने वर आलो तेव्हा सत्तर. या वयाच्या नवशिक्याला हे फारच चांगलं आहे, असं मास्तर म्हणाला. लेकीने जेवताना चार अनोळखी लोकांना ते ऐकवलं. मी लाजल्यासारखं केलं, पण खरं म्हणजे फार बरं वाटलं.

बुधवार, दुपार

नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

आज खडकापलीकडच्या कड्यापाशी गेलो, अठरा मीटर खोल. मी, लेक, मास्तर आणि एक जोडपं. कुणाच्या तरी पायाने तळाची वाळू उसळली आणि सगळं दुधाळ झालं. त्यातून एक हात माझ्यासमोर आला आणि गळ्यापाशी आडवा फिरला. मला वाटलं, लेक. पिवळी नळी पुढे केली, ती ओढून घेतली गेली. मी दंड धरला.

वाळू बसली. लेक चार हातांवर होती, स्वतःची नळी तोंडात. मास्तर दिसला, जोडपं दिसलं. सगळे जागेवर होते. मी धरलेल्या माणसाच्या पाठीवर सिलिंडर नव्हता. तो माझी हवा घेत होता, घेतच होता, आणि एकही बुडबुडा बाहेर येत नव्हता.

मी नळी हिसकली, दंड सोडला आणि वर आलो. तो खाली तसाच राहिला, हात गळ्याशी.

बाकी कुणीच काही पाहिलं नाही. लेक म्हणते, खोल पाण्यात भास होतात. असेल. पण आम्ही खाली जेमतेम बारा मिनिटं होतो आणि काटा चाळीसवर आला होता. पिवळ्या नळीच्या रबरावर दातांचे ठसे आहेत.

गुरुवार

पाण्यात गेलो नाही. नाश्त्याला बसलो असताना श्वास अर्ध्यात तुटला. घेतला पूर्ण, पोचला अर्धा. खोलीच्या सहा पायऱ्या चढून धापा टाकत बसलो. इथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ब्याण्णव. छाती स्वच्छ आहे म्हणाल्या. संध्याकाळी पुन्हा लावला, शहाऐंशी. मोठी बोट रविवारी येते.

हिचा फोन आला. दमल्यासारखे का वाटताय, असं विचारलं. लेकीने पळवलं, अशी थाप मारली. हिच्याशी मी कधी खोटं बोलत नाही.

मोजून पाहिलं. चार श्वासांतला एक माझा नसतो. छाती फुगते आणि कुणीतरी तो ओढून घेतं.

शुक्रवार

मास्तरला सांगितलं. त्याने मला वेड्यात काढलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. गेल्या वर्षी एका बाईने हेच सांगितलं होतं म्हणाला. ती घरी गेली, समुद्रापासून शेकडो कोस लांब, आणि पंधरा दिवसांत वारली. तिच्या आधी एक तरुण. दोघांनी त्या हवा मागणाऱ्याला हवा दिली होती आणि खालीच सोडलं होतं. त्याला वर आणून कुणी पाहिलं का, मी विचारलं. नाही म्हणाला. तो स्वतः त्या कड्यापाशी आता उतरणार नाही.

हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का, म्हणून चिडलो. अर्ध्यातच दम गेला.

लेक दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ते मला आवडलं नाही.

शनिवार, सकाळ

एकोणऐंशी. दोनातला एक.

खाटेखाली लेकीची पिशवी सापडली. मास्क, नळ्या, सगळं भरून. ती एकटी जाणार होती. त्याला स्वतःची हवा देणार आणि मला सोडवणार. ओरडायला श्वास नाही. रडलो. तीही रडली. तिला काही झालं तर मी वाचून करू काय?

सोडलं मी. आणायचं मीच.

मी नाही गेलो तर ती जाईल, म्हणून मास्तर तयार झाला. तो होडीत थांबणार. लेकही होडीतच. तिला माझी शपथ घातलीय. वही तिच्याकडे देतो. पाण्याखाली लिहायची पाटी मास्तरने मनगटाला बांधलीय —

पाटीवर

अठरा. कडा. कोणी नाही.

आला.

हात गळ्याशी. नळी दिली. दंड धरला. सोडणार नाही.

पंधरा. मुकाट येतोय.

बारा — अख्खा श्वास! माझा! पुन्हा एक

नऊ. त्याच्या तोंडून बुडबुडे. सुटतोय बिचारा

होडीचा तळ दिसतो. लेकीचं डोकं, वाकून

सात. जड का होतोय

खाली पाहिलं. त्याचा दंड कुणीतरी धरलाय. बाई. तिचा दंड एका पोराने. त्याचा आणखी — दिसतं तिथवर खाली —

एक हात वरच्याच्या दंडाला. एक गळ्याशी. सगळ्यांचा

काटा तीस

नाही सोडत

वर फेस. उडी. लेक. शपथ घातली होती गं

पिवळी नळी पुढे धरून येतेय. शिकवलं तशी

मान हलवतोय. नको. वर जा. वर

बाईने त्याचा दंड सोडला. लेकीकडे वळली. लेक थांबली, बघतेय तिच्या गळ्याकडे, नळी देते —

नको पोरी तिला नको ति